तीन दिवसांचं दूध

अल्लाच्या नावाने. मी नेवरेस, वय अठ्ठेचाळीस, राहणार उस्कुदार, शहजादा नुमान यांची दूधआई. गाठ छातीत आहे, डोक्यात नाही. कुणाच्या धाकाने नव्हे, माझ्या हाताने लिहिते. अक्षर वाकडं आहे, चालवून घ्या.

एक. घर, कोंबड्या, तांब्याची भांडी मुलगी झेलिहाची. जावयाने माझ्या अंजिराला कुऱ्हाड लावू नये.

दोन. माझा फरचा अंगरखा कुणालाही द्या, गुलफिदानला नको. तिच्याकडे सात आहेत. ती पादशहांची दूधआई. तिचा माझ्या नुमानहून तीन दिवसांनी मोठा. तख्त थोरल्याचं, धाकट्या भावाला कुलूपबंद दालन, ही महालाची रीत. तेवढ्या तीन दिवसांवर तिला समुद्रकाठी हवेली, दारात गाडी. आणि माझा नुमान नऊ वर्षं भिंती बघतोय. हे मला पचलेलं नाही. कबरीतही पचायचं नाही.

तीन. आता खरं सांगते. मुलं दोन महिन्यांची असताना गुलफिदानला ताप भरला, दूध आटलं. जागा जाईल म्हणून माझे पाय धरले. "ताई, कुणाला कळू देऊ नकोस." तीन दिवस पादशहांना मी पाजलं. ते पहिल्यांदा हसले ते माझ्या मांडीवर. शरियतप्रमाणे एका घोटानेही नातं जुळतं. तेव्हा मीही पादशहांची आई, आणि आईचं एकच मागणं: माझ्या जनाज्याला खांदा द्यायला नुमानला एक दिवस बाहेर सोडा.

याला एक पुरुष, दोन बायका साक्षीला लागतात. अनबर आगा तेव्हा दारावर होते, सुईण हनिफे आत होती. राहिली गुलफिदान. काल आली, गाडीतून.

"मरतानाही माझ्याशी बरोबरी का गं?"

"तुझी गाडी नाही मागत. शिक्का उठव."

इमामांनी सगळं वाचून दाखवलं. तिचं तोंड उतरलं.

"ते हसण्याचं काढ. तो माझ्याकडे बघून हसला होता."

"तू तापात फणफणत होतीस!"

"काढ. नाहीतर चालले मी."

नुमानसाठी काढलं. तिने शिक्का उठवला. अंगरखा तरीही द्यायचा नाही.

साक्षीदार: अनबर आगा (सही), सुईण हनिफे (अंगठा), गुलफिदान (शिक्का)

उस्कुदार, शाबानचा पाचवा दिवस

नेवरेस

खाडाखोडीचा खुलासा: कलम तीनमधलं हसण्याचं वाक्य गुलफिदानच्या सांगण्यावरून खोडलं आहे. तिला वाचता येत नाही. रेघ एकच मारली आहे, बारीक.