गंगा दारात असताना

आई, ते पुन्हा तुझं नाव मागतायत. आज प्रार्थना संपल्यावर मी प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालत होते, तेवढ्यात आमचे प्रेसिडेंट जवळ आले. प्रेसिडेंट म्हणजे कुणी बडी असामी नव्हे. सातपूरच्या कारखान्यात पाळीवर जाणारा साधा माणूस, रविवारी टाय लावतो आणि आमची मूठभर डोकी सांभाळतो. म्हणाले, "सिस्टर, मदर का नाम इस बार दे दो. लोग टेम्पल जा रहे हैं." मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, देव जाणे. रिक्षानं घरी आले, पंखा लावून आडवी पडले. आज महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे आमचा उपास, घशाला कोरड पडलेली. वाटलं, हे आता तुलाच लिहून विचारावं. बाकी कुणाशी बोलायचा खरंच कंटाळा आलाय.

तू होतीस तोवर हे तुला सांगायची वेळ आली नव्हती. आमच्या मॉर्मन पंथाच्या ख्रिस्ती लोकांत मेलेल्या माणसाचाही बाप्तिस्मा करतात. म्हणजे कुणीतरी जिवंत माणूस त्याच्या नावानं पाण्यात उतरतो, डोक्यासकट पूर्ण बुडतो आणि वर येतो. मग पलीकडे त्या माणसाला कळवतात की बाबा, तुझ्यासाठी हे केलंय, हवं तर घे. त्यानं घेतलं, की पुढं एकेका घरातली माणसं कायमची एकमेकांशी जोडून देतात, मरणानंही तुटायची नाहीत अशी. हे कुठंही होत नाही, त्याला टेम्पल लागतं, आणि ते आपल्या देशात अजून नाही. म्हणून आमची माणसं हाँगकाँगला जातात. आयुष्यात तू फार तर दिंडोरीपर्यंत गेलेली, आणि तुझ्या नावानं हाँगकाँगला कुणी चिनी बाई बुडी मारणार! ऐकून तू पदर तोंडाला लावून हसत बसली असतीस.

मी मात्र त्या 'कायमची जोडलेली' वरच अडकले होते. अण्णा गेले तेव्हा मी शाळेत होते. पुढं नोकरीला लागल्यावर कंपनीतल्या मैत्रिणीनं मला आमची प्रार्थना होते त्या हॉलवर नेलं. तिथं पांढऱ्या शर्टातली दोन प्रचारक पोरं, माझ्याहून लहानच, मोडक्या हिंदीत सांगत होती की तुमचे वडील तुम्हाला परत भेटतील. असं मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. तेराव्याला सगळे म्हणाले होते, रडू नकोस, त्यांचा आत्मा अडकेल. इथं कुणीतरी म्हणत होतं, रड, पण भेटशील. मी तेवढ्यावर गेले, आई. बाकीचं सगळं नंतर शिकले.

तुला सांगितलं तो दिवस आजही जसाच्या तसा दिसतो. दुपार आहे. मखमलाबादच्या आपल्या घरात तू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली आहेस, पुढ्यात झेंडूचा ढीग, हातात लांब सुई. देवळाचे हार संध्याकाळच्या आत द्यायचेत. मी दारातच उभी राहून सांगून टाकते की मी बाप्तिस्मा घेतला. "म्हणजे काय केलंस?" तू वर न बघता विचारतेस. पाण्यात बुडवतात, मी म्हणते. "कशात?" टाकीत. तुझी सुई थांबते. "अगं ए भवाने, गंगा दारात असताना टाकीत कशाला बुडाली?" गोदावरीला तू गंगाच म्हणायचीस. मी हसले, आणि तू माझ्यावर इतकी चिडलीस की दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. रडलीस तेही मला माहीत आहे. त्या दिवशी हार मात्र तू वेळेवर दिलेस.

तिसऱ्या दिवशी बोललीस ती चहावरून. मी कप सरकवून दिला आणि म्हटलं, आता चहा नाही, कॉफी नाही. "दारू नाय हे चांगलंच हाय," तू म्हणालीस, "पण चहानं तुझ्या देवाचं काय घोडं मारलंय?" नातेवाइकांकडे गेलं की अजून तीच कटकट, घोटभर घे, अर्धा कप घे, आमच्या घरचा नको का? इतकी वर्षं तेच ते सांगून तोंड दुखलं. तेव्हा मात्र शेजारपाजारच्यांसमोर तूच मध्ये पडायचीस. "तिला पित्त होतं, डॉक्टरनी बंद केलाय," असं बिनदिक्कत ठोकून द्यायचीस आणि माझ्यापुढं गवती चहाची पात उकळलेलं दूध ठेवायचीस. तुझ्या गणपतीला खोटं चालत होतं का, हे तुला कधी विचारलं नाही.

आणि उपास. तो तुला पटकन समजला. "हां, हे बरंय, हे आपल्यासारखंच," म्हणालीस. पहिल्या रविवारी मी हॉलवरून उन्हाची परत आले तर तू ताट घेऊन उभी, साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, बाजूला दही. मी म्हटलं, आई, आमच्या उपासाला काही चालत नाही, पाणीसुद्धा नाही. "निर्जळी? अन् मला आधी सांगायचं नाय व्हय?" तू ताट झाकून ठेवलंस आणि त्यानंतर स्वतःही काही खाल्लं नाहीस. मी ओरडले, तुझा काय संबंध, तू कशाला? "पोटची पोर उपाशी अन् मी गिळू?" झालं. त्यानंतर दर महिन्याला तू माझा उपास धरलास. तुझ्या चतुर्थ्या वेगळ्या, हा वेगळा. कोरड्या तोंडानं हार ओवायचीस. संध्याकाळी आपण दोघी मांडीला मांडी लावून ती गार खिचडी खायचो आणि मग वरणभात. आमच्या हॉलमधल्या कुणालाही खिचडीवर उपास सोडलेला पटला नसता, आणि तुझ्या मैत्रिणींना तर हा उपासच पटला नसता.

एकदाच तुला म्हटलं होतं, चल ना एखादा रविवार. तू हातातला हार पुरा केलास. मग विचारलंस, "तुझे अण्णा भेटतील म्हणतात का तिथं?" हो म्हटलं. "मला ते कुठंबी भेटतील," तू म्हणालीस. "मला माझ्या गणपतीनं सांभाळलंय. म्हातारपणी आता घर बदलू का? तू जा, मी नाय आडवत. पण मला ओढू नको." एवढंच बोललीस, आणि मला वाटतं जन्मात तू माझ्याकडं मागितलेलं तेवढंच.

तुझ्या दहाव्याला आम्ही सगळे गंगेवर होतो. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. रामकुंडावर कावळ्यांना काय तोटा, पण येऊन बघायचे आणि उडून जायचे. दादानं सांगितलं, हिचं लग्न करून देतो. वहिनीनं सांगितलं, फुलांचा मळा विकणार नाही. ऊन चढलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले, तेव्हा मामा माझ्याकडं वळून म्हणाला, "हिच्यामुळंच अडलंय. बोल पोरी, ते सगळं सोडते म्हण, बहिणीला मोकळी कर माझ्या." माझा कावळ्यावर विश्वास नाही, आई. पण दादानं केस काढलेले, तो माझ्यापुढं हात जोडून उभा होता. मी पिंडाजवळ गेले, वाकले, तुझ्याशी हळूच बोलले. आणि मेला तो कावळा आलाच. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पुढच्या रविवारी मी हॉलवर निघाले तर दादा दारात आडवा. "आईला शब्द दिलास ना?" मी म्हटलं, दिला, तोच पाळतेय. त्याला काही कळलं नाही आणि मीही समजावलं नाही. तेव्हापासून तो मला शब्दाची कच्ची समजतो.

मी म्हटलं होतं, आई, तुला ओढणार नाही. बास, एवढंच.

आता प्रेसिडेंट म्हणतात, इसमें जबरदस्ती कुछ नहीं, वो चाहें तो मना कर सकती हैं. चांगला माणूस आहे, माझं भलंच बघतो. पण त्याला तू कुठं माहीत आहेस? मला धाकधूक नेमकी तिथंच आहे. तू मना करणार नाहीस. तिथं कुणी तुला सांगितलं की तुझ्या पोरीनं पाठवलंय, तर तू पदर खोचून उठशील. पोर एकटी पडेल म्हणून हो म्हणशील, माझा निर्जळी उपास धरलास तसंच, आणि जाताना गणपतीला सांगशील, येते रे बाबा, पोरीपुढं इलाज नाही. मग तुझ्या त्या 'हो'ला मी काय म्हणू?

म्हणून नाव देत नाही. याचा अर्थ काय होतो तो मला माहीत आहे. मी आता थकलेय, लग्न राहिलं ते राहिलंच, हॉलवर माणसं येतात आणि गाव बदलून जातात, पण जे मानलं ते मी अजून मानते. तू जोडली गेली नाहीस तर तिथं मी तुला कुठल्या नात्यानं हाक मारायची? तुला निरोप पोचवायचा एकच रस्ता मला माहीत आहे, आणि तोच मी बंद करून बसलेय. त्यामुळं हे लिहिलेलंही इथंच राहणार.

आता दिवेलागण झाली, उपास सोडायची वेळ झाली. फक्त एक सांगते, हे ना दादाला माहीत आहे, ना हॉलवर. सकाळी निघताना साबुदाणा मी अजून दोघींपुरता भिजवते.