सिंकचं पाणी आणि अक्काच्या बिबड्या

८ एप्रिल, सकाळ
सिंक तुंबलं. आमची ही, दीपमाला, म्हणते, प्लंबरला बोलवा. म्हटलं, अगं, दीपनगरच्या पॉवर स्टेशनातून रिटायर झालेला माणूस घरात बसलाय आणि प्लंबर? ती म्हणाली, तुम्ही स्टोअरला होता. होतो ना. पण तिथला एकेक पाइप माझ्याच सहीने बाहेर पडायचा, ते?
संकल्प : जेवणाआधी सिंक चालू.

८ एप्रिल, दुपार
सिंकखालचा ट्रॅप, म्हणजे तो वाकडा पाइप, उघडला. खाली आधी बादली ठेवायला हवी होती, असं दीपमालाचं मत. आतून वांग्याची सालं, शेवभाजीचं तेल, भात आणि आपला हरवलेला चमचा निघाला. चमचा तिला नेऊन दाखवला. कौतुक नाही. ती फरशी पुसत होती.

९ एप्रिल
ट्रॅप गळतोय. दोष वॉशरचा. हल्ली वॉशर पूर्वीसारखे राहिले नाहीत. भांडी सध्या बाथरूममध्ये घासली जातात. तात्पुरतं.

१० एप्रिल
मूळ रोग सापडला. घर बांधणाऱ्याने पाइपला उतारच दिलेला नाही. नवा फ्लेक्सिबल पाइप आणला. कमी पडू नये म्हणून लांब आणला. जास्तच झाला. त्याची मधे कमान झाली. पाणी कमानीपर्यंत जातं, विचार करतं आणि परत सिंकमध्ये येतं. उकळतं पाणी ओतून पाहिलं, तर पाइप मऊ पडून माझ्या पोटासारखा लोंबला. पाइपची क्वालिटी.

११ एप्रिल
सुचलं! ओट्याखाली हवेसाठी जाळी आहे. पाइप तिथून बाहेर काढायचा आणि थेट मागच्या गटारीत सोडायचा. आपण पहिल्या मजल्यावर, म्हणजे उतारच उतार. पाइप सुतळीने बांधला. पाणी घळाघळा गेलं. दीपमालाला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, खाली नेमकं कुठं पडतंय ते पाहिलंत का? म्हटलं, पाणी सिंकमधून गेलं ना?
पाहिलं नाही.

१२ एप्रिल, दुपार
लिहवत नाही.
यशोदाबाई अक्का आमच्या घरमालकीण. धरणगावकडच्या. तळमजल्यावर एकट्याच राहतात. आज त्यांनी मागच्या अंगणात जोवारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत घातल्या होत्या. खाटांवर ओली लुगडी पसरून, पहाटेपासून एकेक थापून. लेकीसाठी आणि सगळ्या पाहुण्यांसाठी, वर्षभराच्या.
मी प्रेशर बघायला सिंक काठोकाठ भरलं आणि एकदम सोडलं. सुतळी सुटली असावी.
खालून अक्काचा आवाज आला. जाळीतून पाहिलं, पाणी थेट खाटांवर. पाइप आत ओढून घेतला. हे हाताने आपोआप केलं, मी ठरवून नाही.
गच्चीवरच्या खोलीत हिलाल राहतो. शाळेत नवीन लागलेला शिक्षक. टाकीची मोटार तोच लावतो. मागे एकदा बंद करायला विसरला होता, तेव्हा टाकी वाहून अंगणात पाणी आलं होतं. अक्काने वर बघून त्यालाच हाक मारली, "हिलाल, मोटार परत चालू ठेवी दिन्ही का रे?" तो धावत खाली आला. बिबड्यांचा लगदा पाहून खाटेपाशी बसला. म्हणाला, "अक्का, चुकलं माझं."
मीही तोवर जिन्यात आलो होतो. म्हणालो, "जाऊ द्या अक्का, माणूस विसरतो."
तेव्हा हे फार मोठ्या मनाचं वाटलं.

१३ एप्रिल, रविवार
हिलाल सकाळपासून अंगणात. ऊन मी म्हणतंय. तो चुलीवर पीठ घाटतोय, अक्का थापतायत. दीपमालाही खाली गेलीय. जाताना तिने तो पाइप गुंडाळून माझ्या खुर्चीजवळ आणून ठेवला. काही बोलली नाही. बोलली असती तर उत्तर देता आलं असतं.
संकल्प : हिलालला आजच सांगायचं.

१३ एप्रिल, संध्याकाळ
गच्चीवर गेलो. हिलालचे हात पोळून लाल झालेले. तोंड उघडलं, पण निघालं ते असं, "मोटारीकडे जरा लक्ष ठेवत जा."
तो म्हणाला, "हो काका. आता फोनवर अलार्म लावलाय."
विषय तरी निघाला. कबुली अर्धी झाली म्हणायला हरकत नाही.

१४ एप्रिल
हरकत आहे.
जेवण गेलं नाही. उन्हाचा त्रास असेल.

१५ एप्रिल, सकाळ
अक्का लुगडी धूत होत्या. मला थांबवलं. लुगड्याला चिकटलेली शितं दाखवून म्हणाल्या, "प्रेमराजभाऊ, टाकीना पाणीमा भात कसा काय?"
मी म्हणालो, पाखरांनी टाकला असेल.
अक्कांनी एक शीत नखाने खरवडून काढलं. म्हणाल्या, "हा. पाखरंच व्हतीन."
मी जिन्याकडे वळलो, परत आलो. म्हणालो, "अक्का, पाइप माझा होता."
त्या लुगडं पिळत होत्या. म्हणाल्या, "माले नको सांगू. त्याले सांग."

१५ एप्रिल, संध्याकाळ
सांगितलं. सगळं. पाइप आत ओढला तेही.
मला वाटलं होतं, हिलाल चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. किंवा हसून म्हणेल, असू द्या काका. ते तर मी मनात ऐकूनही ठेवलं होतं.
तो म्हणाला, "म्हणजे मोटार मी बंद केली होती?"
म्हटलं, हो.
"मला आठवत होतं, काका. बटण बंद केल्याचं स्वच्छ आठवत होतं. मग वाटलं, आपलंच डोकं ठिकाणावर नाही. आज वर्गातसुद्धा हजेरी घेतली की नाही, ते पोरांनाच विचारत होतो."
मी माफी मागितली. तो "हं" म्हणाला आणि वह्या तपासायला घेतल्या. मी थोडा वेळ उभा राहिलो. बसा म्हणाला नाही.
खाली आलो. प्लंबर येऊन गेला होता. दीपमाला ओट्याशी भांडी घासत होती, पाणी जात होतं. त्याने काय केलं ते मी विचारलं नाही.
आज लिहायला सबब सापडत नाही.