खरवईच्या तिसऱ्या मजल्यावरची कवायत

खरवई, बदलापूर
दिवाळी तोंडावर

तीर्थरूप तुळशीताईस,

धाकट्या कमळाकरचा वाकून (आणि हल्लीच्या रिवाजाप्रमाणे अंतर राखून) नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला नुसता तंबाखूचाच आहे ना, एवढं आधी कळव. हल्ली कोणी खोकलं की मी बसल्या जागेवरून उठून उभा राहतो. तुझ्या दिपेशला आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे ठीक. फोन का केला नाही म्हणशील, तर घरात धड चालणारा फोन एकच, तो सकाळी रिद्धीच्या शाळेच्या ताब्यात आणि दुपारी अल्पेशच्या कॉलेजच्या. (तुझा भाचा परीक्षा न देता दहावी पास झाला. पेढे मात्र तीन-तीनदा परीक्षा दिल्यासारखे खाल्ले.) म्हणून हे पत्र दूधवाल्याबरोबर धाडतोय. अक्षरं भिजून पसरली असतील तर अंदाजाने वाच.

दिवाळीच्या सुट्टीत सगळे गावी या, असा तुझा निरोप मिळाला. त्याचं उत्तर द्यायलाच बसलोय, पण आधी इकडची हकिकत ऐक, नाहीतर माझं उत्तर तुला उद्धटपणाचं वाटेल.

तुला ठाऊकच आहे, मी उल्हासनगरच्या शाळेत पीटीचा मास्तर. लहानपणी आई मला जेवताना खांबाला बांधायची तो मी. मैदान, शिट्टी आणि समोर पळणारी पोरं, याच्याशिवाय मला दुसरं काही येत नाही. शाळा बंद झाल्या तेव्हा मला वाटलं, गणिताचं न् इंग्रजीचं काय ते मोबाईलवर करतील, आपली सुट्टी. तर मोठ्या बाईंचा हुकूम आला, की पीटीचा तासही ऑनलाईन घ्यायचा. ताई, मोबाईलवर पोरांना पळवायचं कसं? मी बाईंना तसं विचारलं. त्या म्हणाल्या, "जागच्या जागी पळवा, सर."

मालिनी त्या वेळीही घरी नव्हती. ती अंबरनाथच्या औषधाच्या कंपनीत पॅकिंगला, तिची बस रोज येऊन न्यायची. म्हणजे बायको बाहेर कामाला आणि मी घरात भाकऱ्या थापणार. (माझी भाकरी गोल येत नाही. रिद्धी म्हणते, पप्पा, आज कुठला जिल्हा केलात?) अशा वेळी मी डाळीच्या डब्याला टेकवून फोन उभा केला, गळ्यात शिट्टी अडकवली आणि पहिला तास घेतला. समोर पोरं कसली, नुसते काळे चौकोन. "करताय का रे?" विचारलं की चौकोनांतून आवाज यायचा, "करतोय सर," आणि मागून टीव्हीचा. एका पोराचा फोन त्याच्या बापाच्या कापडाच्या दुकानात गल्ल्यावर ठेवलेला असायचा. मी जोरात "बैठो!" म्हणून ओरडलो (आमच्या वर्गात सिंधी पोरं जास्त, त्यांना हिंदीच बरी समजते), तर तिकडे दुकानात आलेलं गिऱ्हाईक मुकाट्याने खाली बसलं. पोराच्या बापाने मला फोनवरच हात जोडले, "साईं, कस्टमर को तो छोड़ो!"

पण खरी पंचाईत पायाखाली होती. आमच्या खाली दुसऱ्या मजल्यावर चांगुणाबाई राहतात. एकट्याच. यजमान ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, ते वारले, मुलगी सुरतेला. मी जागच्या जागी उड्या सुरू केल्या की खाली त्यांचा पंखा हलायचा, आणि त्या झाडूच्या दांड्याने छताला ठोकायच्या. मी थांबलो की त्या थांबायच्या. मी पुन्हा सुरू की त्याही सुरू. पुढे पुढे पोरांनाही तो ठोका पाठ झाला. दांडा वाजला की चौकोनांतून एकसुरात आवाज यायचा, "विश्राम!" एकदा चांगुणाबाई जिना चढून वर आल्या, तोंडाला पदर, हातात तोच दांडा. म्हणाल्या, "मास्तर, भूकंप आला तर मला कळायचा कसा? मला वाटेल तुमचाच तास चाललाय!" मी माफी मागितली आणि दुसऱ्या दिवसापासून गोधडीवर उड्या मारायला लागलो. गोधडीवरून घसरून कंबर लचकली, ती गोष्ट वेगळी.

मग उन्हाळ्याची सुट्टी लागली. ताई, सुट्टी म्हणजे काय, हे मला त्या वर्षी कळेनासं झालं. आदल्या दिवशी घरात होतो, दुसऱ्या दिवशीही घरातच, फक्त शिट्टी नाही. मी हॉलमधून किचनमध्ये जायचो, किचनमधून गॅलरीत, गॅलरीतून पुन्हा हॉलमध्ये. अल्पेश म्हणाला, "पप्पा, बस करा ना, चक्कर येते." गच्चीवर जावं तर सेक्रेटरीने कुलूप लावलेलं. खाली उतरावं तर वॉचमन विचारणार, काय काम? काम काय सांगू? पाय शिवशिवतात, असं सांगता येतं का?

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण पुढच्या वर्षी, ती दुसरी लाट आली ना, तेव्हा मला ताप भरला. तुला तेव्हा "थोडी कणकण आहे" एवढंच कळवलं होतं. कणकण नव्हती. मला बेडरूममध्ये ठेवलं, दार बंद. (बेडरूमला लागून संडास-बाथरूम आहे, बिल्डरने केलेलं ते एवढंच पुण्य.) बोटाला लावायच्या यंत्रावरचा आकडा रोज थोडाथोडा उतरत होता. मालिनी दाराबाहेर बसून अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण सगळीकडे फोन लावत होती आणि सगळीकडून एकच उत्तर, बेड नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, पालथे पडून राहा, अजिबात हालचाल नको. मला, ताई! मला म्हणाले हलू नका!

मी पडून राहिलो. आणि वरचा आवाज बंद झाल्यावर तिसऱ्या का चौथ्या दिवशी खालून दांडा वाजला. ठक ठक. मी मनात म्हटलं, आता तर मी पापणीसुद्धा हलवत नाही, आता कसली तक्रार? पुन्हा वाजला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, बाई तक्रार करत नाहीयेत, विचारताहेत. मी पाय खाटेवरून खाली सोडला आणि टाच लादीवर एकदा आपटली. खालचा दांडा गप्प. मग तो रोजचाच क्रम झाला. दुपारी त्या ठोकायच्या, मी टाच आपटायचो. त्या दिवसांत बाहेरच्या जगाशी माझं तेवढंच बोलणं. मालिनी दारापलीकडून बोलायची, पण तिचा आवाज रडका झालेला मला ओळखू यायचा आणि ते ऐकवत नसे.

एका दुपारी मी टाच आपटली नाही. चांगुणाबाईंनी दोनदा ठोकलं, मग जोरजोरात, मग दांडा टाकून तशाच जिना चढून वर आल्या. गुडघे तुझ्यासारखेच, तरी आल्या. आमचं दार बडवून ओरडायला लागल्या, "मालिनी, अगो मास्तर काही बोलं ना! किती ठोकलं तरी मास्तर बोलं ना!" मालिनीच्या हातातलं भांडं पडलं. अल्पेशने कसलीही पर्वा न करता बेडरूमचं दार ढकललं, मागून रिद्धी रडत आली. तर मी घामाने चिंब होऊन घोरत पडलेलो. ताप उतरला होता. कितीतरी दिवसांनी मला पहिली गाढ झोप लागली होती, आणि डोळे उघडतो तर सगळं कुटुंब माझ्याकडे बघून रडतंय. मला वाटलं, मी गेलो. चांगुणाबाई दारातूनच म्हणाल्या, "मेल्या, झोपायचं तर सांगून झोप ना!"

तर असा मी बरा झालो. आता मोठ्या वर्गांच्या शाळा पुन्हा सुरू झाल्यात. मोठ्या बाईंचे निरोप येतात. मी अजून गेलो नाही, कारण माझ्या बुटाचा तळ निघालाय. चांभार बसतो तो स्टेशनजवळ, आणि स्टेशनकडे जायचं म्हणजे बूट पाहिजेत. शिवाय अल्पेशला घरी कोणीतरी लागतं. (तो नाही म्हणतो, पण त्याला काय कळतंय?) शिवाय भाकऱ्या. शिवाय गॅस सिलेंडरवाला कधीही येतो. एकूण हातात इतकी कामं आहेत की या दिवाळीला गावी येणं काही जमेल असं दिसत नाही. रागावू नकोस. पुढच्या सुट्टीत नक्की बघू.

दाजींना नमस्कार, दिपेशला पुन्हा आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ,
कमळाकर

ता.क. — तुझ्याकडची वालाची पापडी तयार झाली असेल तर दूधवाल्याबरोबर पाठव. आम्हाला यायला जमत नाही म्हणून पापडीने का थांबावं?

ता.क. दुसरा — वन्सं, मी मालिनी. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं, मी वाचलं. बुटाला काही झालेलं नाही. मी स्वतः पॉलिश करून दाराशी ठेवलेत. बरे झाल्यापासून हे बिल्डिंगच्या गेटबाहेर गेलेले नाहीत. जिन्यापर्यंत जातात, रेलिंग धरून उभे राहतात, आणि काहीतरी विसरलं म्हणून परत येतात. पोरांसमोर मी काही बोलत नाही. आम्ही कोणी सांगून ऐकत नाहीत, पण तुमच्यापुढे यांचं काही चालत नाही. तुम्ही ओरडा. स्वतः आजारी आहे म्हणा, भातकापणीला माणसं नाहीत म्हणा, काहीही म्हणा, पण बोलवा. दिपेशला गाडी घेऊन पाठवलं तर मी यांना धरून खाली आणीन.

ता.क. तिसरा — पुन्हा मीच, कमळाकर. पाकीट उघडं होतं म्हणून हिने लिहिलेलं मीही वाचलं. तू आजारी असल्याचं खोटं लिहू नकोस, तेवढं मला झेपणार नाही. भातकापणीचं चालेल. दिपेशला म्हणावं, गाडी गेटच्या आत, अगदी जिन्यापाशी आण.