मागच्या सीटवर बसण्याबद्दल

बाबा, यंदा मी आणि तुमचे जावई समुद्रापलीकडच्या एका बेटावर जाऊन आलो, आणि आठवडाभर मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून फिरवलं. या वाक्याच्या पहिल्या अर्ध्यावर तुम्ही नुसतं "हौ का?" म्हटलं असतं. दुसऱ्या अर्ध्यावर मात्र चष्मा काढून बनियनच्या टोकाला पुसत बसला असता. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा थोडं मागचं सांगून घेते. जावई अजून रोज बालाघाटहून बसनं किरनापुरात दुकानावर जातात, तेच कापडाचं दुकान. गाडी त्यांना अजूनही येत नाही. सायकल येते असं ते सांगतात, पण चालवताना मी काही पाहिलेलं नाही. माझी नर्सची नोकरी चालू आहे, आणि तुम्ही हात धरून जे शिकवलं त्या जोरावर मी रोज सकाळी स्कूटर काढते.

आमची सकाळ कशी असते ते ऐका. फाटक एक, निघायची वेळ एक, बसस्टँड माझ्या वाटेवर. मी गाडी सुरू करून विचारते, "सोडून देऊ का?" आणि ते डब्याची पिशवी काखेत मारून म्हणतात, "नको, पाय मोकळे होतात." लग्न झाल्यापासून हेच. पाऊस असला तर छत्री घेतात, ऊन असलं तर टोपी, पण माझ्या मागे बसत नाहीत. सुरुवातीला मला राग यायचा, मग हसू यायचं, मग मी विचारणं फक्त सवयीनं चालू ठेवलं. पण खरं सांगायचं तर ते मनात कुठेतरी टोचतच राहिलं. गावोगावच्या बाळंतिणींना, दाई-म्हाताऱ्यांना मी त्या सीटवरून दवाखान्यात आणलं आहे. घरचा माणूस तेवढा बसला नाही. आणि "पाय मोकळे होतात" हे वाक्य मूळ तुमचं आहे, ते त्यांना कुठून मिळालं देव जाणे.

पोरीनं तिकिटं काढली. ती आता नोकरीला नागपुरात असते, तिनंच सगळं ठरवलं. बालीला जा म्हणाली, तिथे लोक स्कूटरनंच फिरतात, टॅक्सीत बसून काही दिसत नाही. मी तिकडे गाडी चालवायचा रीतसर परवाना काढून घेतला. जावई म्हणाले, "तिकडं आपल्याले कोन वळखते?" हे म्हणजे होकारच होता, आणि होकार मिळालेला असताना तोंड उघडायचं नाही एवढं मी संसारात शिकले आहे.

स्कूटर भाड्यानं देणाऱ्या बाईनं किल्ली अर्थातच यांच्यापुढे धरली. यांनी ती घेतली, उलटसुलट पाहिली आणि माझ्या हातात दिली. बाई हसली. तिनं आमच्या गाडीच्या हँडलवर पानाची एक इवलीशी परडी ठेवली, तिच्यात फुलं आणि चार शितं भात. तिथे रोज सकाळी दारात, दुकानात, गाडीवर अशी परडी ठेवतात. जावई मागे बसले ते दोन्ही हात पाठीमागच्या लोखंडी दांडीला घट्ट धरून. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता, इंजेक्शनला बसलेल्या माणसासारखा. पेट्रोल किराणा दुकानांपुढे बाटल्यांत भरून ठेवलेलं, अगदी आपल्याकडे बैहरच्या आतल्या गावांत असतं तसं. ते पाहून त्यांना जरा धीर आला. तिसऱ्या दिवशी तर मागून "डावीकडून घे, डावीकडून" असं सुरूही झालं.

चौथ्या दिवशी आम्ही ज्वालामुखीच्या डोंगराकडे गेलो. बाबा, ते बेट म्हणजे मुळात आगीतून वर आलेली जमीन आहे. वर चढून गेलं की एक मोठी गोल खोलगट जागा दिसते, तिच्यात तळं, आणि तळ्याच्या काठाशी तो डोंगर. त्याच्या अंगावरून कधीतरी वाहून आलेला आणि गार होऊन बसलेला काळा दगड, दूरपर्यंत, झाड नाही की गवत नाही. लोक फोटो काढत होते. मी पाहत उभी राहिले आणि मला उकवा आठवला. खाणीतून निघालेला मँगनीजचा ढीग, त्याच्यापुढे उभे तुम्ही, पँटीच्या घडीतसुद्धा काळी भुकटी. जावई माझ्या बाजूला येऊन म्हणाले, "हे त तुह्या बाबाच्या खाणीवानी दिसून राह्यलं. येवढ्या दूर येऊन हेच पाहाचं होतं का?" मी म्हटलं, "हौ, हेच पाहाचं होतं."

त्या काळ्या जमिनीतून तिथे रेती काढतात. भरलेले ट्रक घाटातून खाली जातात आणि वळणावळणावर रेती सांडते. ते पाहून माझं कोपर आपोआप दुखलं. तुम्हाला आठवत असेल. रविवार आहे, खाणीच्या मैदानात माझं शिकून झालंय, आणि आज तुम्ही मला पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर आणलंय. तुमची ती हातात गियर असलेली जड स्कूटर. तुम्ही बाजूला पळताय आणि ओरडताय, "क्लच सोड, बाई! हळू सोड!" वळणावर ट्रकमधून सांडलेली मँगनीजची बारीक खडी पडली आहे. चाक सरकतं, मी आडवी. तुम्ही आधी गाडी उचलता, मग मला. आधी गाडी उचलली याचा मी घरी गेल्यावर आईजवळ किती कांगावा केला! मग रस्त्याच्या कडेला बसवून माझ्या कोपरात रुतलेली खडी तुम्ही एकेक करून नखानं काढता. "लागलं का, बाई?" "नाही." "मंग रडून काहून राह्यली?" मडगार्ड पायानं दाबून सरळ करता आणि म्हणता, "कर चालू."

मी म्हटलं, "तुमी मांगं बसा."

"तू चाल पुढं. मी येतो मांगून."

आणि तुम्ही पायी आलात. उकव्यापर्यंत मी पहिल्या गियरमध्ये गाडी रांगवत नेली आणि आरशात तुम्ही मागून चालत येताना दिसत होता, हातात चप्पल, कारण तिचा अंगठा पळताना तुटला होता. आईनं विचारलं तेव्हा म्हणालात, "पाय मोकळे कराचे होते." मला वाटलं, मी पडले म्हणून तुम्ही बसला नाहीत. ठीक आहे, शिकाऊ मुलीच्या मागे कोण बसेल. पण नंतर मी पक्की झाले, नोकरीला लागले, जंगलातल्या रस्त्यांवर एकटी जाऊ लागले. तुमचे गुडघे दुखायचे. बैहरला पेन्शनच्या कामाला जाताना बस चुकली, मी गाडी काढून दारात उभी, आणि तुम्ही म्हणालात, "जीप भेटते." जीपमध्ये टपाला डोकं लागेल असे दाबून बसून गेलात, पण माझ्या मागे नाही. तेव्हाच मला वाईट वाटलं होतं. फार वाईट वाटलं होतं, बाबा.

तुमची दुसरी शिकवण होती, "उतार लागला का किल्ली बंद. गाडी आपल्या वजनानं उतरते, पेट्रोल कायले जाळाचं?" उकव्याची सगळी माणसं अशीच घाटी उतरायची. आवाज न करता मागून स्कूटर आली तर ती खाणीतल्या माणसाची हे बसवाल्यांनाही कळायचं. माझ्या हातात ते इतकं बसलं आहे की उतार दिसला की अंगठा आणि बोट किल्लीकडे जातात. त्या ज्वालामुखीच्या डोंगरावरून परत निघालो, उतार लागला, आणि मी किल्ली बंद केली.

छान वाटलं आधी. नुसता वारा, खाली हिरवी शेतं, मागून जावई म्हणतात, "गाडी बंद पडली का?" मी म्हटलं, "नाही, बाबाची पद्धत आहे." आपली घाटी चटकन संपते. तो घाट संपेना. वळण, मग वळण, मग पुन्हा वळण, आणि दर वळणाला मी ब्रेक दाबून धरतेय. मग जळका वास आला, तव्यावर फडकं राहून गेल्यासारखा. मग ब्रेकचा दांडा मुठीपर्यंत आला आणि गाडी होती तशीच चालत राहिली. बिनगियरच्या गाडीला उतारावर चालू इंजिनच थोडं धरून ठेवतं, आणि ते तर मी तुमच्या शिकवणीप्रमाणे बंद करून ठेवलेलं. वर मागे यांचं वजन, ते ढकलतंय.

मी म्हटलं, "अवो, ब्रेक लागून नाई राह्यला."

"मंग?"

"मंग काई नाई. घट्ट बसा आन् हालू नका."

"हौ," ते म्हणाले. बस, एवढंच. ओरडले नाहीत, पाय खाली टाकले नाहीत. पाठीमागची दांडी सोडून त्यांनी दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. पुढच्या वळणाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला ट्रकात भरायच्या काळ्या रेतीचा ढीग होता. मी गाडी त्याच्यात घातली. पुढचं चाक रुतलं, गाडी कलली आणि आम्ही दोघं रेतीत बसलो, म्हणजे पडलोच, पण बसल्यासारखे. फावडेवाले दोन जण धावत आले, गाडी ओढून बाहेर काढली, चाकाकडे बोट दाखवून हवेत फुंकर मारून दाखवली. गार होऊ द्या. समोरच्या टपरीवरच्या बाईनं भाजलेली दोन कणसं आणून दिली. लिंबू मात्र नव्हतं.

मी म्हटलं, "आता टॅक्सी पाहू. तुमी काई आता मांगं बसत नाई." मला खात्री होती की आता गावाकडेही हा विषय कायमचा मिटला. एवढ्या वर्षांनी बसवलं आणि रेतीत नेऊन टाकलं.

ते कणीस खात म्हणाले, "कोनं म्हनलं? मले त आता समजलं, हात कुठं ठेवाचे."

"म्हंजे?" मी विचारलं.

"इतके वर्स मी काहून नाई बसलो, तुले का वाटते? लोक हासतीन म्हून? लोक दोन दिस हासतीन आन् इसरून जातीन. मले हात कुठं ठेवाचे तेच समजत नोतं. भर बजारातून चाललो, बायकोच्या कमरेले धरू का हवेत ठेवू? कोनाले इचारू?"

मी हसायला लागले, आणि हसता हसता रडले, आणि त्यांना वाटलं मार लागला. मार लागला नव्हता. मला तुम्ही दिसलात, जीपच्या दारात, एक हात टपाला धरून. मी मोठी झाल्यावर तुम्ही मला कधी हात लावला नाही. आपल्याकडे कुठला बाप लावतो? लग्नात सासरी जाताना तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला होता, तोही ठेवल्यासारखा करून लगेच उचलला. त्या एका रविवारी खडी काढताना तेवढा माझा हात तुम्ही हातात धरलात. असंच असेल असं मी म्हणत नाही. गुडघे वाकत नसतील, माझ्या गाडी चालवण्याची भीतीही वाटत असेल. आता कोणाला विचारणार. आई म्हणते, "त्यायचं त्यायलेच ठाऊक."

चाक गार झाल्यावर मी इंजिन चालू ठेवून हळूहळू खाली उतरले. ते मागे बसले, हात खांद्यावर. परत आल्यावर पहिल्याच सोमवारी मी फाटकाशी सवयीनं विचारलं आणि ते बसले. बसस्टँडसमोरचा चहावाला ओरडला, "क्या भैया, ड्रायव्हर रख लिया?" यांनी डब्याची पिशवी सावरत "हौ" म्हटलं आणि सावकाश उतरले. आता त्याचं कोणाला काही वाटत नाही, चहावाल्यालाही नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला कळतं. उकव्याचं आपलं क्वार्टर आता दुसऱ्या कोणाचं आहे. काल ड्युटीवरून येताना घाटी लागली, हात किल्लीकडे गेला, मी मागे घेतला. मागची सीट रिकामी होती. तेव्हा मोठ्यानं बोलले ते इथे लिहून ठेवते. हात खांद्यावर ठेवायचे होते, बाबा. मी हळू चालवली असती.