सोळा इंच जागा

२६ सप्टेंबर
भोसरीत आले, नोकरीवर रुजू झाले, खोलीही शेडपासून पाच मिनिटांवर मिळाली. आईला फोन केला : दिवाळीला जिंतूरला येणार म्हणजे येणारच. मालक सयाजीशेठ मूळचे इथलेच. त्यांच्या शेतावरच ही शेड उभी आहे. आम्ही संग्रहालयांसाठी प्रतिकृती बनवतो. सध्या युरोपातली ऑर्डर आहे : गुलामांच्या जहाजाचा तळमजला, खऱ्या आकारात. पोर्तुगीज, इंग्रज, फ्रेंच, डच, सगळ्यांनीच आफ्रिकेतली माणसं अशी कोंबून अमेरिकेला नेली. माणशी जागा सोळा इंच रुंद. मापं तपासायचं काम माझं, म्हणून ही वही कायम खिशात. शेठचा नियम साधा आहे : स्वतः वापरून पाहिल्याशिवाय माल गेटबाहेर सोडायचा नाही.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. मशीन, हत्यारं पुसून मांडली. नमुन्यासाठी तिकडून खरी जुनी बेडी आली आहे, दोघांचे पाय एकत्र अडकवणारी. लोखंड ते लोखंड, म्हणून मी हौसेनं तिलाही हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. फिटर भिमाजीकाका बघतच राहिले. म्हणाले, "पोरी, पुजल्यालं हत्यार दसऱ्यानंतर कामाला लागतंय. हिचं काम काय हाय, ठावं हाय न्हवं?" मी हसले. उगाच हसले असं आता वाटतंय.

३ ऑक्टोबर
बेडी उघडी ठेवली होती. सकाळी बंद. किल्ली शेठच्या कपाटात. तळमजल्याच्या फळ्या ओल्या आहेत. बोट जिभेला लावून बघितलं, खारट. इथे समुद्र कुठून येणार?

४ ऑक्टोबर
काका माप घ्यायला एका जागेत आडवे झाले आणि ओरडत बाहेर आले. शेजारी कुणीतरी रडत होतं म्हणे, आणि वर बूट वाजत होते. घामानं चिंब झालेले. घरी गेले. परत येणार नाहीत म्हणून निरोप आलाय.

५ ऑक्टोबर, सकाळ
उद्या कंटेनर निघणार. आत झोपलेल्या माणसाचा फोटो आजच पाठवायचाय. शेठ म्हणाले, तू जा. मला भीती वाटतेय. पण नोकरी नवी आहे, आणि पूजा मीच केली होती.

दुपार
पडल्यापडल्या लिहितेय. शेठ फोटो काढून गेले. बेडी बाजूला ठेवली होती. आता पायात आहे. मी घातली नाही —

दुसऱ्या कड्यातही पाय आहे. गरम. थरथरतोय.

हाका मारल्या. फळ्या हलतायत, शेड हलतेय —

वर बूट. एकेका जागेपाशी थांबतात, मग पुढे. शेजारच्यानं माझा हात घट्ट धरलाय. भाषा कळत नाही, पण गप्प राहा म्हणतोय. तोही घाबरलाय —

सोळा इंच. मी बरोबर मावले.

बूट इथे थांबले. आईला कुणीतरी सांगा, मी दिवाळीला ये