तू म्हणशील तसं

दि. ४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

फोनवर बोलायची सोय नाही. मी अप्पांच्या खाटेशीच बसलेली असते आणि त्यांचे कान अजून तिखट आहेत, म्हणून हे पत्र. कॅन्सर आता यकृतात गेलाय. डॉक्टर म्हणाले, नवं औषध सलाईनमधून देऊन बघता येईल. फार तर थोडे आठवडे मिळतील, तेही दवाखान्यातच. नाहीतर घरी न्या, दुखू नये एवढी औषधं देतो. औषधाचा खर्च ऐकून माझे डोळे पांढरे झाले.

अप्पांना विचारलं, तर मुलं म्हणतील तसं म्हणाले. पंखा लावायचा का, यावरही एकमेकांना तू म्हणशील तसं म्हणत घामाघूम होणारी माणसं आपण! या वेळी तू स्पष्ट सांग.

लोभ आहे, तसाच असू दे.
तुझी ताई

दि. ९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. औषध सुरू करा. पैशांची काळजी करू नकोस, माझा पीएफ काढतोय, हिचीही हरकत नाही. उपाय असताना हात वर केले, असं नको व्हायला. अर्धवट विणलेल्या वेताच्या खुर्च्या दुकानात वाट बघतायत, म्हणावं अप्पांना. आणि तू वेळेवर जेवत जा, नाहीतर शेजारची खाट तुझ्यासाठी अडवावी लागेल.

तुझ्या मायेतला,
धाकटा

दि. २० जुलै

ती. ताईस,
शि. सा. न.

अप्पांचे दिवस उरकून परत आलो, पण कामात लक्ष नाही. आयसीयूच्या काचेतून दिसलेले त्यांचे हातच डोळ्यांसमोर येतात. जन्मभर वेत विणणारे हात, नळ्या ओढतात म्हणून खाटेला पट्ट्यांनी बांधलेले. पीएफ गेल्याचं काही नाही. ते हात माझ्या पत्रामुळे बांधले गेले, हे खातंय.

खरं सांगू? मला नको असंच लिहायचं होतं. पण वाटलं, तू त्यांचं सगळं करतेयस, तुला आशा असेल. लांब बसून मी नको म्हटलं, तर पैसे वाचवले असं होईल. मी नको लिहिलं असतं, तर तू काय केलं असतंस?

रागावलीस तरी माया ठेव.
धाकटा

दि. २६ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून ओट्याशीच बसून रडले. वॉर्डातल्या नर्सबाई परवा भाजीच्या गाड्यावर भेटल्या. अप्पांना घरी जायचं होतं, पण पोरांचं मन मोडवत नाही असं ते बाईंना म्हणाले होते म्हणे. हे तुला कळवूच नये असं वाटलं होतं. पण लपवालपवी पुरे झाली.

मलाही ते औषध नकोच होतं रे. नको म्हटलं, तर ताई सेवेला कंटाळली असं तुला वाटेल, म्हणून सगळं तुझ्यावर ढकलून मोकळी झाले. तेव्हा दोष एकटा घेऊ नकोस.

काय केलं असतं विचारतोस. अप्पांची घडीची खाट मी घरी खिडकीपाशी उघडून, धुतलेली चादर घालून तयार ठेवली होती. तुझं पत्र आलं आणि मीच ती मिटून माळ्यावर टाकली.

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.
तुझी ताई