हशा वेळेवर

२० फेब्रुवारी २०१८, मंगळवार
नवीन फाइल आली. एका लॅटिनो विनोदवीराचा कार्यक्रम. टेक्ससमधलं थिएटर, माईक, स्टूल आणि हे अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ, एकटे, सव्वा तास. नाव इथेही लिहीत नाही, गुप्ततेच्या कागदावर सही आहे. मी आजोबा म्हणणार.
काम नेहमीचंच, ऐकू न येणाऱ्यांसाठी इंग्रजी कॅप्शन्स. पण विनोदी पहिल्यांदाच. नोरा (डब्लिनची बॉस) फोनवर म्हणाली, "यू'ल बी ग्रँड," म्हणजे इकडच्या बोलीत, जमेल तुला. बरं. प्रोबेशन एप्रिलअखेर संपतंय. आठ वर्षं घरी बसल्यावर मिळालेली नोकरी आहे, घालवायची नाहीये.
रेवाच्या कानांची तपासणी १९ एप्रिल, ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात. मागच्या वर्षी डावा कान ऐकण्यात बराच उतरला होता. आता आणखी उतरला तर... पुढचं लिहीत नाही.

२ मार्च, शुक्रवार
बर्फ. सगळं नावन गाव घरात. शाळा बंद, दुकानात ब्रेड नाही. अमोलचे ऑफिसचे कॉल वरच्या खोलीत, मी आणि रेवा स्वयंपाकघरात. स्क्रीनकडे डोकावत होती. दाखवायला नको होतं. दाखवलं. (आजोबा शिव्या देत नाहीत, तेवढं तपासून.)
तीन मिनिटांत म्हणाली, अर्थात इंग्रजीत, "आई, तो बोलायच्या आधीच मला कळतंय."
बघितलं तर खरंच. पूर्ण विनोद मी एकाच कॅप्शनमध्ये कोंबलेला. ते गृहस्थ थांबून पाणी पितायत आणि खाली शेवट छापून मोकळा. रेवा एकटी हसली, मग थिएटर हसलं.
"चेंज म्हणून मी पहिली," म्हणाली. मग सहज सांगितलं, शाळेत ती आधी इतरांची तोंडं बघते, ते हसले की मग हसते. कधीपासून? "ऑलवेज." दहा वर्षांची आहे. मला माहीत नव्हतं.

७ मार्च, बुधवार
पहिल्यापासून सगळं परत. शेवटचं वाक्य वेगळं तोडायचं, त्यांच्या तोंडातून निघेल त्याच क्षणी लावायचं. आजोबांचे थांबे आता पाठ झालेत. डावा खांदा उचलला की येतंय.
बसून बसून पाठ कामातून गेली. अमोलने खिचडी केली, खारट. खाल्ली.

१३ मार्च, मंगळवार
आईचा प्रसंग आला. सगळ्यात भारी. आजोबांची आई ऐंशीव्या वर्षी अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या मुलाखतीला गेली. साहेबाने विचारलं, आपले राष्ट्राध्यक्ष कोण? आई मुलाकडे वळून स्पॅनिशमध्ये म्हणते, "बिचारा. इथे नोकरी करतो आणि याला हेसुद्धा माहीत नाही?"
थिएटर कोसळतं. ते भाषांतर करून सांगत नाहीत, नुसते आईसारखे मान हलवतात. (अर्थ मी शोधून काढला.)
आणि आमचा नियम: परभाषा आली की कंसात "स्पॅनिशमध्ये बोलतो" एवढंच लिहायचं. लिहिलं. विनोद मेला.

१४ मार्च, बुधवार
रेवाने तेच बघितलं. "काय म्हणाली ती?" मी कणीक मळत होते, अमोलचा कॉल चालू, कुकर चालू. म्हटलं, "काही नाही गं, नंतर सांगते."
"यू ऑलवेज से दॅट."
वर निघून गेली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.
खरंच नेहमी म्हणते. जेवताना, गाडीत, पुण्याला फोन असताना. सगळे हसतात, ती विचारते, आम्ही नंतर सांगतो. आणि सांगत नाही. विसरतो.
हात तसेच पिठाचे घेऊन वर गेले. समोर बसून, ओठ दिसतील असं सगळं सांगितलं, आईची मान हलवण्यासकट. हसली. थोडी रागात, पण हसली.

१५ मार्च, गुरुवार
नोराला मेल. स्पॅनिश जसंच्या तसं लिहू द्या. थिएटरातल्यांना ऐकू येतं ते वाचणाऱ्याला मिळायला हवं. हे कसं लक्षात आलं तेही लिहिलं, म्हणजे फाइल मुलीला दाखवली हे आलंच. अमोल म्हणाला, "तेवढं गाळ ना." गाळलं तर उरतं काय? पाठवलं. नोकरी गेली तर...

२२ मार्च, गुरुवार
उत्तर नाही. दिवसातून चाळीसदा मेल बघते. अमोल न सांगता भांडी घासतो, म्हणजे तोही घाबरलाय.

२७ मार्च, मंगळवार
नोराचा फोन! मुद्दा क्लाएंटकडे, तिथून थेट आजोबांकडे गेला होता. त्यांचा निरोप: स्पॅनिश लिहा, भाषांतर करू नका, थिएटरला जे मिळालं तेच वाचणाऱ्यांना मिळू दे. नोराने एका मेक्सिकन बाईकडून शब्द तपासूनही घेतलेत.
मी चाचरत, "आणि ते मुलीचं..."
"तो परिच्छेद माझ्याकडे उघडलाच नाही. पुन्हा पाठवूही नकोस."
फोन ठेवला. मग कपभर चहा, तीन बिस्किटं.

१९ एप्रिल, गुरुवार
ड्रोहेडा. रेवा काचेच्या खोलीत, आवाज आला की बटण दाबायचं. बाहेरून मला आवाज कळत नाही, नुसता तिचा अंगठा दिसतो. बराच वेळ हललाच नाही. मग हलला. पुन्हा हलला.
ऑडिओलॉजिस्ट बाईंनी दोन आलेख शेजारी ठेवले. मागच्या वर्षीची रेघ, यंदाची रेघ. तीच. दोन्ही कान. "नॉट अ बिट ऑफ चेंज." श्रवणयंत्रं मात्र जागेपणी सतत लावायची, हे दोनदा सांगितलं. पुन्हा ऑक्टोबरात.
पार्किंगमध्ये अमोलने चिवड्याचा अख्खा डबा संपवला, उभ्याउभ्या. मी रडले. रेवा म्हणे, "ही तर चांगली बातमी आहे ना? मग?" तिला काय सांगणार. सांगितलं पण. नंतर नाही, तिथेच.

३० एप्रिल, सोमवार
नोकरी पक्की. एका ओळीचं पत्र. चार वेळा वाचलं.

९ जून, शनिवार
आजोबांचा कार्यक्रम काल प्रदर्शित झाला. रेवाने ईफाला बोलावलं, वर्गातली, शेजारच्या गल्लीत राहते. दोघी सोफ्यावर, मध्ये पॉपकॉर्न. मी इस्त्रीच्या निमित्ताने मागे उभी.
आजोबांचा खांदा उचलला गेला. दोघींना एकदम हसू फुटलं. एकदम. रेवाने ईफाच्या तोंडाकडे बघितलंही नाही. अमोलचा शर्ट जळता जळता वाचला.
अर्ध्यात रेवाने दोन्ही यंत्रं काढली, उशीवर ठेवली आणि पाहत राहिली. मी पुढे झाले. तिने बघितलं आणि मोठ्याने, यंत्रांशिवाय बोलते तशी, म्हणाली, "आय'म ग्रँड, आई. कान दमलेत." 'कान दमलेत' मराठीत! ईफाने पॉपकॉर्नमधून डोकंही वर काढलं नाही.
बाईंनी दोनदा सांगितलंय, सतत लावायची. मी तिथेच थांबले. थिएटर पुन्हा हसलं, ते मला ऐकू आलं. रेवा खाली वाचत होती आणि पोट धरून हसत होती, चांगली जोरात.
इस्त्रीकडे परत गेले. ऑक्टोबरात हे यंत्रं काढण्याचं बाईंना विचारायचं, की तिचं तिच्याकडे राहू द्यायचं, अजून ठरत नाही.